झटका दिसतो, सुरुवात दिसत नाही

मराठीत या आजाराला नावांची वाण नाही. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतला शब्द अपस्मार, बोलण्यातली फेफरं आणि मिरगी, लहान मुलाला तापात येते ती आकडी, आणि आता गावोगाव रुळलेली फिट. ‘अपस्मार’ या शब्दात निदान स्मृती हरपण्याची खूण तरी आहे; बाकीचे शब्द उच्चारले की डोळ्यांसमोर एकच दृश्य येतं. माणूस कोसळतो, अंग ताठ होतं, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, आणि काही वेळाने तो गळून पडल्यासारखा झोपी जातो. भोवती जमलेली माणसं कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्याच्या धांदलीत असतात. कोसळण्याआधीच्या पंधरा-वीस सेकंदांत काय घडलं, याला मात्र आपल्याकडे शब्दच नाही. खेड्यांमध्ये कोणत्या प्रकारचा अपस्मार किती आढळतो, असं विचारायला गेलं की सगळं घोडं याच पंधरा-वीस सेकंदांपाशी अडतं.

कारण अपस्माराचे प्रकार ठरतात ते झटका कसा संपला यावरून नव्हे, तो कुठून सुरू झाला यावरून. मेंदूतल्या पेशींच्या विद्युत्-संदेशांचा ताल बिघडला की झटका येतो. हा बिघाड मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात सुरू झाला, तर डॉक्टर त्याला फोकल म्हणतात. दोन्ही अर्धगोल पहिल्यापासूनच त्यात ओढले गेले, तर जनरलाइज्ड. फोकल झटक्यात सुरुवातीला एकच हात उडेल, तोंड एका बाजूला ओढलं जाईल, नसलेला वास येईल, कारण नसताना भीती दाटून येईल, किंवा माणूस शून्यात बघत ओठ चाटेल, सदऱ्याची बटणं चाचपत राहील. पुष्कळदा गोष्ट इथेच थांबते. पण कधी हा बिघाड पसरत जाऊन सगळा मेंदू व्यापतो आणि माणूस कोसळतो. म्हणजे कोसळून हातपाय झाडणं हा फोकल झटक्याचा शेवटचा अंक असू शकतो, तसाच जनरलाइज्ड झटक्याचा पहिलाही. पाहणारा उशिरा पोचला तर त्याला दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही.

प्रकारांकडे वळण्याआधी एकूण आकड्यांचा अंदाज घेतलेला बरा, कारण ते आकडेही आपल्याला सावध करतात. जगभरात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, आयुष्यात कधी ना कधी अपस्मार झालेल्यांचं प्रमाण विकसित देशांत हजारी ५.८, विकसनशील देशांच्या शहरांत १०.३ आणि खेड्यांत १५.४ असं निघालं. भारतातही बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतल्या संशोधकांनी शहर आणि खेडी मिळून लाखभर लोकांची पाहणी केली, तेव्हा शहरात हजारी ५.७ आणि खेड्यांत ११.९, म्हणजे दुपटीहून जास्त रुग्ण सापडले. इथवर चित्र सरळ दिसतं. पण १९९९ साली तोवरच्या भारतीय पाहण्यांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात शहरांचा आकडा ६.३४ आणि खेड्यांचा ४.९४ आला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक म्हणण्याजोगाही नव्हता. दक्षिण काश्मीरमधल्या ग्रामीण भागात १९८८ साली हजारी २.४७ एवढेच रुग्ण सापडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पारशी वसाहतींच्या पाहणीत सक्रिय अपस्माराचं प्रमाण हजारी ३.६ होतं. नायजेरियात तर आयिएते गावी हजारी ३७ आणि इग्बो-ओरा या गावी ५.३. तेव्हा ‘खेड्यांतलं प्रमाण’ असा एकच आकडा कुणी ठामपणे सांगू लागला, तर कुठल्या खेड्यातलं, केव्हाचं आणि कुणी कसं मोजलेलं, हे त्याला विचारायला हवं.

शिवाय आहे त्या रुग्णांची संख्या म्हणजे आजाराचा जोर नव्हे. विहिरीतली पाण्याची पातळी झऱ्यावर अवलंबून असते, तशीच उपशावरही. अपस्माराच्या रुग्णांत अकाली मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तिपटीपर्यंत असतं. त्यांतले बरेच मृत्यू बुडून, भाजून किंवा न थांबणाऱ्या झटक्यांनी होतात. चुलीशी बसणं आणि नदी-विहिरीवर जाणं हे जिथे रोजचंच, तिथे हा धोका आणखी वाढतो. एखाद्या गावात रुग्ण कमी सापडले याचा अर्थ तिथे आजार कमी होतो असाही निघतो, आणि आजारी माणसं जगत नाहीत असाही.

आता प्रकारांचं बघू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर हे गाव अपस्माराच्या मोजणीसाठी प्रसिद्ध आहे, कारण तिथल्या रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी अनेक दशकांपासून एकत्र जपल्या गेल्या आहेत. तिथे फोकल प्रकार निम्म्याहून जास्त, साठ टक्क्यांच्या आसपास भरतो. याउलट आपल्याकडे आणि आफ्रिकेत घरोघरी जाऊन केलेल्या अनेक पाहण्यांत जनरलाइज्ड झटक्यांचा वाटा मोठा दिसतो. केरळमध्ये २ लाख ३८ हजार लोकांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, त्यात जनरलाइज्ड ५८.८ टक्के, फोकल ३०.६ टक्के आणि उरलेले दहाएक टक्के या दोन्ही खान्यांबाहेर होते. हे आकडे शेजारीशेजारी ठेवले, तर गरीब देशांतला अपस्मार मुळात वेगळ्या जातीचा आहे असं वाटू शकतं. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. हा फरक बऱ्याच अंशी आजाराचा नाही, साक्षीदाराचा आहे. झटक्याची सुरुवात कुणी पाहिलेली नसते, पाहिली तरी सांगण्याजोगी वाटत नाही, आणि मेंदूचा आलेख किंवा स्कॅन काढलेला नसतो. मग सुरुवात अज्ञात असलेला झटका ‘सर्वांगाला येतो’ म्हणून जनरलाइज्डच्या खान्यात जाऊन पडतो. अज्ञानाची बेरीज प्रकाराच्या नावाखाली होते.

याला पुरावा काय? सर्वांत बोलका पुरावा आफ्रिकेतून येतो. केनियातलं किलिफी, टांझानियातलं इफाकारा, युगांडातलं इगांगा-मायुगे, घानातलं किन्टाम्पो आणि दक्षिण आफ्रिकेतलं अगिनकोर्ट, अशा पाच ग्रामीण भागांतल्या सुमारे ५ लाख ८६ हजार लोकांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. या संशोधकांनी एक प्रामाणिक मर्यादा आधीच घालून घेतली होती: फक्त कोसळून झटके येणारा, सक्रिय अपस्मारच मोजायचा, कारण बाकीचे प्रकार घरोघरी प्रश्न विचारून खात्रीने सापडत नाहीत. अगिनकोर्टमध्ये हजारी ७ आणि इफाकारात १४.८, या दोन टोकांच्या मध्ये बाकीच्या जागा आल्या. म्हणजे इथे सुरुवातीलाच चाळण अशी लावलेली होती की तीतून ‘सर्वांगाचा’ झटकाच खाली पडावा. तरीही सापडलेल्या रुग्णांची नीट तपासणी झाली, मेंदूचे आलेख काढले गेले, तेव्हा निम्म्याहून जास्त, ५८ टक्के रुग्णांमध्ये फोकल सुरुवातीच्या खुणा निघाल्या. वरून एकसारखे दिसणारे झटके आतून वेगवेगळे होते.

दुसरा पुरावा तमिळनाडूतल्या वेल्लोर जिल्ह्यातला. तिथे पन्नास हजारांहून थोड्या जास्त लोकसंख्येत सक्रिय अपस्माराचं प्रमाण हजारी ३.८३ निघालं आणि सापडलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन आणि रक्ततपासण्या केल्यावर सुमारे ३४ टक्क्यांच्या आजारामागे मेंदूतल्या अळीच्या गाठी असण्याची शक्यता दिसली. गाठ ही एका जागी असते. तिच्यामुळे उठणारा झटकाही त्या जागेवरूनच उठणार, मग बघणाऱ्याने ‘पडला आणि आखडला’ एवढंच का सांगितलेलं असेना. लखनौ जिल्ह्यातल्या डुक्करपालन करणाऱ्या वस्त्यांमध्ये तर तपासलेल्या १,६४० लोकांपैकी ५.८ टक्क्यांना, शेकडा बरं, हजारी नव्हे, सक्रिय अपस्मार होता, आणि त्यांतल्या ४८.३ टक्क्यांत या गाठींचं निश्चित किंवा संभाव्य निदान झालं.

या अळीविषयी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे, तो दूर करायला हवा. ‘आम्ही डुकराचं मांस खात नाही, आम्हाला कुठून होणार?’ असं सहज म्हटलं जातं. अर्धवट शिजलेल्या, गाठी असलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो तो पट्टकृमी. तो पोटात वाढतो, पण मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरचा शौच, मळ्यातलं सांडपाणी, न धुतलेली कोथिंबीर-गाजरं आणि स्वयंपाक करणाऱ्याचे अस्वच्छ हात, या वाटांनी ती कुणाच्याही ताटात येतात. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसाच्या मेंदूतही म्हणूनच ही गाठ सापडते. जिथे हा कृमी ठाण मांडून आहे, तिथल्या अपस्मारापैकी सुमारे ३० टक्के त्याच्यामुळे होतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यात अळी येते, नळ-गटार येतं, सोवळं-ओवळंही येतं. आणि ‘जनरलाइज्ड’ एवढं एकच नाव दिलं की हे सगळं कागदावरून पुसलं जातं.

खेड्यांतला फोकल अपस्मार वाढवणाऱ्या इतर गोष्टी पाहिल्या तरी त्यांचा सूर असाच आहे. अडलेल्या बाळंतपणात गुदमरलेलं बाळ, क्षयाने मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, मेंदूज्वर, हेल्मेटविना मोटारसायकलवरून पडून झालेली इजा. या सगळ्या मेंदूवर एका जागी व्रण ठेवून जाणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच टाळता येण्याजोग्या आहेत. काही प्रकारांत तर रीतिरिवाजाचाही हात असतो. दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून भराभर कढत पाणी ओतून घेण्याच्या सवयीमुळे न्हाताना झटका येणारा एक प्रकार आढळतो. त्याचं पहिलं वर्णन १९४५ साली न्यूझीलंडमधून आलं. पण कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात त्याचं प्रमाण लाखात २५५ एवढं सापडलं. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात ज्याला एखादी ओळ मिळते, तो इथे चांगलाच ओळखीचा आजार आहे. प्रकारांचं प्रमाण जागेगणिक खरोखरच बदलतं, हे मी नाकारत नाही. ते कशामुळे बदलतं, हे बघायला जागेवरचं तपशिलाने विचारावं लागतं, एवढंच.

इथे एक चांगला आक्षेप घेता येईल. आपली खेडी वयाने तरुण आहेत. आनुवंशिक ठेवणीचे जनरलाइज्ड प्रकार लहानपणी आणि पौगंडावस्थेत सुरू होतात, तर म्हातारपणी पक्षाघातानंतर येणारे झटके फोकल असतात. मग तरुण लोकसंख्येत जनरलाइज्डचा वाटा मोठा असणं स्वाभाविकच नाही का? हे काही अंशी खरं आहे, आणि रॉचेस्टरच्या आकड्यांशी तुलना करताना एवढी सूट द्यायलाच हवी. पण आफ्रिकेतल्या त्या पाच भागांत जवळजवळ निम्मे रुग्ण मुलं होती आणि तरीही फोकल खुणा निम्म्याहून जास्त रुग्णांत निघाल्या. बाळंतपणातली इजा आणि मेंदूज्वर हे तर बालपणाचेच शत्रू. तरुण लोकसंख्या म्हणजे आपोआप आनुवंशिक अपस्मार, हे गणित गरीब गावात जुळत नाही.

उलट, आनुवंशिक जनरलाइज्ड प्रकारही या पाहण्यांत पुरते सापडत नाहीत, ही यातली गंमत. वर्गात मधेच पाच-दहा सेकंद हरवून जाणारी मुलगी घरी आणि शाळेत ‘लक्ष नाही हिचं’ म्हणून ओरडा खाते. तो अ‍ॅबसेन्स नावाचा झटका असू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. सकाळी उठल्याउठल्या हात झटकन उडून चहाचा कप सांडणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ‘धांदरट’ ठरतो. त्याला पौगंडावस्थेतला मायोक्लोनिक अपस्मार असू शकतो. आणि मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणारा फोकल झटका, ज्यात माणूस भयभीत होतो, असंबद्ध बोलतो, काहीबाही चाचपतो, तो डॉक्टरकडे न जाता देवऋषीकडे जातो, कारण ते ‘अंगात येणं’ किंवा ‘बाहेरचं’ ठरतं. पाहणीला आलेला कार्यकर्ता दारात उभा राहून ‘घरात कुणाला फिट येते का?’ असं विचारतो, तेव्हा या तिघांच्याही घरून ‘नाही’ असंच उत्तर येतं. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं.

खोटं बोललं जातं ते लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी, आणि त्याला कायद्याचाही हातभार होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारं वेड आणि अपस्मार यांना एकाच ओळीत बसवून लग्नाला अडथळा ठरवलं गेलं. १९९९ साली अपस्मार हा शब्द तिथून काढला. कायद्याला तेवीस वर्षं लागली. वधूवरांच्या बोलण्यांत अजून किती लागतील कुणास ठाऊक. मुलीचा झटका लपवला जातो आणि गोळ्या माहेरच्या कपाटात राहतात. गावच्या पाहणीत स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी निघाला, तर तो वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

मोजणी नेहमी कमीकडेच चुकते असंही नाही. तापातली आकडी पुष्कळदा अपस्मारात धरली जाते. ती तशी धरायची नसते, कारण अपस्मार म्हणजे विनाकारण, पुन्हा पुन्हा झटके येण्याची प्रवृत्ती. उन्हात किंवा उपवासात चक्कर येऊन पडणं, मनावरच्या ताणातून येणारे अपस्मारासारखे दिसणारे झटके, हेही यादीत शिरतात. हे दिसायला ‘सर्वांगाचेच’ असतात, म्हणजे चूक पुन्हा जनरलाइज्डचाच खाना फुगवते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल: असू दे. प्रकार कोणताही असो, गावात मिळणारी गोळी एकच. फेनोबार्बिटोन स्वस्त आहे, दिवसातून एकदा घ्यायची आहे. चीनच्या ग्रामीण भागात २,४५५ रुग्णांना ती प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांनी दिली. वर्षभर उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले आणि तिसऱ्या हिश्श्याचे पूर्ण थांबले. येळंदूरमध्येही फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइनवर अपस्मार आटोक्यात येतो हे दिसलं. जिथे मुळात उपचारच पोचत नाही, तिथे प्रकारांचा घोळ घालत बसणं ही चैन नव्हे का? हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, कारण तो गरजेतून आलेला आहे. चीनच्या त्या भागात सक्रिय रुग्णांपैकी ६३ टक्के उपचाराविना होते; केरळसारख्या राज्यातही ३८ टक्के. तेव्हा कोसळणाऱ्या रुग्णाला प्रकार ठरेपर्यंत थांबवून ठेवा, असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. गोळी आधी सुरू व्हावी, हे मान्य. पण गोळी एकच पुरते, हे नाही. अ‍ॅबसेन्सवर फेनोबार्बिटोन उपयोगी पडत नाही. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनने सकाळी हात उडणाऱ्या त्या मुलाचे धक्के वाढू शकतात. मग घरचे म्हणतात, औषधाने बिघडलं, आणि औषधच बंद होतं. जनरलाइज्ड प्रकारावर उत्तम चालणारं व्हॅलप्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं, म्हणून तरुण मुलीला ते देण्याआधी तिला खरंच त्याच प्रकारचा अपस्मार आहे का, हे कळायला हवं. आणि गोळी झटका थांबवते, कारण थांबवत नाही. पेरूच्या उत्तरेला टुंबेस भागात माणसांवर आणि डुकरांवर एकाच वेळी उपचार, डुकरांना लस, अशी मोहीम चालली आणि बहुतेक गावांतून पट्टकृमीचा प्रसार थांबवता येतो हे २०१६ साली दाखवून दिलं गेलं. तिथला अपस्मार नुसता ‘झटके’ म्हणून नोंदला गेला असता, तर डुकरांना लस टोचायचं कुणाला सुचलं असतं?

यासाठी गावोगाव एमआरआय यंत्रं लागतील, अशी भीती घालण्याचंही कारण नाही. अपस्माराचा प्रकार ओळखण्याचं पहिलं हत्यार आजही साक्षीदाराचं वर्णन हेच आहे, आणि ते मिळवायला प्रश्न बदलावा लागतो. ‘फिट येते का?’ याऐवजी ‘पडायच्या आधी काय होतं? आधी कुठला हात उडतो? मान कुणीकडे वळते? सकाळी वस्तू हातून उडतात का? मधेच हरवल्यासारखं होतं का? रात्री झोपेत अंथरूण ओलं होतं, जीभ चावली जाते का?’ असं विचारायला आशा कार्यकर्तीला तासाभराचं प्रशिक्षण पुरेल. आता बहुतेक घरांत कॅमेऱ्याचा फोन आहे. चप्पल शोधायला धावणाऱ्या चौघांपैकी एकाने झटका टिपून ठेवला, तर तालुक्याच्या डॉक्टरला तो चित्रतुकडा अर्ध्या तासाच्या बोलण्याहून जास्त सांगेल. आणि एवढं करूनही सुरुवात कळली नाही, तर तसं लिहायचीही सोय आहे. आंतरराष्ट्रीय अपस्मार-विरोधी संघाने २०१७ साली वर्गीकरण नव्याने मांडलं, तेव्हा फोकल आणि जनरलाइज्ड यांच्या शेजारी ‘सुरुवात अज्ञात’ असा खाना स्वतंत्रपणे ठेवला. खेड्यांतल्या जुन्या पाहण्या आज पुन्हा भरायच्या ठरल्या, तर जनरलाइज्डमधले कितीतरी रुग्ण त्या तिसऱ्या खान्यात उतरवावे लागतील.